मोटार बदलण्याआधी फिल्टर उघडा

प्रश्न : आमचं घर पाचोऱ्याला, पहिल्या मजल्यावर तीन खोल्या. खाली शहाबादी फरशी, दोन कापसाच्या गाद्या, एक सोफा, बैठकीत सतरंजी. पावसाळा सोडला तर रोज धूळ, आणि दिवाळीपासून पुढे जवळच्या जिनिंगमधून रुईचे तंतू उडत येतात. सासूबाईंना दमा आहे. पाच वर्षांपूर्वी घेतलेलं १४०० वॅटचं व्हॅक्यूम क्लीनर आहे, आत कापडी पिशवी. गेल्या दिवाळीआधी घराला पुट्टी घासून रंग दिला, तेव्हापासून ते नीट ओढत नाही. दहा-बारा मिनिटं चालतं, आवाज शिट्टीसारखा चढतो, अंग तापतं, करपट वास येतो आणि आपोआप बंद पडतं. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होतं. फिल्टर धुऊन बसवला तर वास आणखी वाढला. दुरुस्तीवाला म्हणतो मोटार जळाली, २८०० रुपये. दारावर आलेल्या विक्रेत्याने २७,००० चं मशीन दाखवलं, आमच्या गादीतून केवढी तरी घाण काढून दाखवली. मुलगा म्हणतो रोबोट घेऊ. आमची तयारी दहा हजारांपर्यंत आहे. दुरुस्त करावं की नवं घ्यावं? नवं घेतलं तर कोणतं, आणि ते टिकवायचं कसं?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली दोन वाक्यं फार कामाची आहेत. एक, आवाज शिट्टीसारखा चढतो. दुसरं, अर्ध्या तासाने मशीन पुन्हा सुरू होतं. जळालेली मोटार अर्धा तास विसावा घेऊन चालू होत नसते. तुमची मोटार तापते आहे आणि तिच्यातला थर्मल कटआउट तिला वेळेवर बंद करून वाचवतो आहे. तेव्हा २८०० रुपये आत्ता कुणाला देऊ नका. आधी हवा कुठे अडली आहे ते शोधा.

हे होतं कसं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. व्हॅक्यूम क्लीनरमध्ये पंखा आणि मोटार एकाच दांड्यावर असतात आणि मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेतात. नळीतून आलेली हवा पिशवीतून, मग मोटारीआधीच्या फिल्टरमधून, मग पंख्यातून जाते आणि शेवटी मोटारीच्या अंगावरून, मागच्या फिल्टरमधून बाहेर पडते. कोरड्या कामाच्या बहुतेक घरगुती मशीनमध्ये हीच हवा मोटारीला थंड ठेवते. वाट अडली की पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, त्याच्यावरचं ओझं कमी होतं आणि तो जास्त वेगाने फिरायला लागतो. शिट्टी त्याचीच. पण त्याच वेळी मोटारीचा गारवा बंद झालेला असतो. म्हणून चढता आवाज आणि तापलेलं अंग एकत्र दिसले की वाट तुंबली असं समजावं. वाइंडिंग किंवा बेअरिंग गेलेलं असतं तेव्हा आवाज उलट जड, खरखरीत होतो, वेग पडतो, मागच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसतात.

आता घरीच तपासा. प्लग काढून मशीन उघडा, पिशवी रिकामी करा, आतला डबा कोरड्या ब्रशने झाडून पुन्हा सगळं बसवा. नळी काढून ठेवा. मशीन सुरू करून जिथे नळी बसते त्या तोंडावर तळहात ठेवा. हात जोरात धरून ठेवत असेल तर मशीन ठीक आहे, तुंबलंय ते नळीत किंवा पाइपात. ओढ कमी लागली तर बंद करून पिशवी काढा आणि दहा सेकंदच चालवून पुन्हा हात लावा. ओढ परत आली तर दोष पिशवीचा. नाही आली तर पुन्हा बंद करून मोटारीआधीचा फिल्टर काढा, तसंच बघा. मग मागचा, हवा बाहेर पडते तिथला. सगळं काढूनही हात धरत नसेल तेव्हाच मोटारीकडे किंवा झाकणाच्या रबरी सीलकडे बोट दाखवायचं. प्रत्येक वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, आणि डबा आधी झाडलेला हवा, कारण फिल्टरशिवाय चालताना आतली धूळ थेट पंख्यावर जाते.

नळी तपासायला ती उभी धरून वरून काचेची गोटी सोडा. गोटी खाली पडली नाही तर गोळा आत आहे. तुमच्याकडे रुई येते, म्हणजे हा गोळा बहुधा पाइपाच्या वाकड्या कोपराशी असेल. तिथे केस आणि तंतू अडकतात आणि त्यांच्यावर धूळ बसत जाते. तार घालू नका, नळीला भोक पडतं. झाडूचा बोथट दांडा घाला. मशीनला ब्लोअरचं तोंड असेल तर नळी तिकडे जोडून दुसऱ्या टोकाला जुनं कापड सैल बांधा आणि गोळा उलटा फुंकून काढा. नळीला चीर पडली आहे का हेही बघा. अंधारात नळीत टॉर्च धरला की बारीक चीरही दिसते.

माझा मात्र खरा संशय पुट्टीवर आहे. भिंतीची पुट्टी म्हणजे पांढऱ्या सिमेंटची भुकटी. पॉलिश पेपरने घासल्यावर उडते ती पिठाहून बारीक असते आणि कापडी पिशवीच्या विणीतून सरळ पुढे जाऊन फिल्टरच्या छिद्रांत बसते. त्यावर तुम्ही फिल्टर धुतला. ओल लागल्यावर ती भुकटी छिद्रांमध्ये थापली जाते, आणि वाळली की तिथेच घट्ट होऊन बसते. मग झटकून निघत नाही, धुऊन निघत नाही. त्यात तो फिल्टर बहुतेक आतून ओला असतानाच बसवला गेला. ओल्या फिल्टरवर नवी धूळ आली की चिखल होतो आणि कुबट, करपट वास सुटतो. चूक तुमची नाही. रंगकाम झालं की घरातलं मशीन काढून सगळं ओढून घ्यायचं, असं सगळीकडेच केलं जातं. पण पुट्टी, सिमेंट, पीओपी यांची भुकटी घरगुती मशीनने कधीच ओढू नये. ती ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्यावी.

म्हणून पिशवी आणि दोन्ही फिल्टर टाकून द्या आणि नवे घ्या. पंख्यावर पांढरा थर दिसला तर रंगाच्या मऊ ब्रशने झाडा, पाणी नको. एवढ्यावर मशीन चाललं तर पुढची काही वर्षं ते वापरता येईल. दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ आलीच तर पहिल्यांदा कार्बन बघायला सांगा. मोटारीच्या दोन बाजूंना कार्बनच्या दोन कांड्या असतात, त्या पाच वर्षांत झिजतात. त्या झिजल्या की मशीन चालता चालता अचानक थांबतं, टपली मारली की चालतं. मोटारीच्या मानाने त्यांची किंमत किरकोळ असते. मोटार बदलायचीच ठरली तर जुनी मोटार हातात मागून घ्या आणि नवीचे वॅट, व्यास आणि उंची तीच आहे का ते बघा. उंचीत थोडा फरक पडला तरी सील बसत नाही आणि ओढ कायमची कमी राहते. नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर खर्च जात असेल तर पाच वर्षं झालेल्या मशीनवर तो करू नये.

आता नव्याबद्दल. सासूबाईंना दमा आहे म्हणून जुनं मशीन चालू झालं तरी नवं घेणं तुमच्या घरी वाजवी आहे. कारण कापडी पिशवीचं जुनं मशीन जाडी धूळ पकडतं आणि बारीक धूळ मागून खोलीभर सोडतं. दम्याला त्रास देते ती हीच बारीक धूळ.

दुकानात सगळ्यात मोठ्याने सांगतात ते वॅट. वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं, किती ओढतं ते नव्हे. युरोपीय संघाने २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला ९०० वॅटची मर्यादा घातली आहे आणि तिथली घरं काही धुळीत पडलेली नाहीत. ओढीसाठी दोन आकडे बघा. एक दाब, किलोपास्कलमध्ये, आणि दुसरा हवेचा प्रवाह, सेकंदाला किती लिटर. चांगल्या कॅनिस्टर, म्हणजे चाकांवरच्या डब्याला नळी असलेल्या, मशीनचा कमाल दाब १८ ते २२ किलोपास्कलच्या आसपास असतो. मात्र खोक्यावरचा सर्वात मोठा दाब तोंड पूर्ण बंद असताना मोजलेला असतो आणि सर्वात मोठा प्रवाह तोंड पूर्ण उघडं असताना. दोन्ही एका वेळी कधीच मिळत नाहीत. नुसता दाब मोठा आणि प्रवाहाचा आकडाच दिलेला नाही, अशा मशीनपासून जरा जपून. फरशीवरचा फुफाटा उचलायला प्रवाह लागतो, गादीतून ओढायला दाब. ‘एअरवॅट’ दिले असतील तर उत्तम, त्यात दोन्ही येतात.

खानदेशात याहूनही महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे : फिल्टर किती लवकर तुंबतो आणि नवा कुठे मिळतो. काळ्या मातीचा फुफाटा मैद्यासारखा बारीक असतो. चैत्र-वैशाखात वावटळ सुटली की बंद खिडकीच्या चॅनेलमधूनही तो आत येतो. त्यात जिनिंगच्या दिवसांत रुईची भर. हे दोन्ही मिळून फिल्टरवर नमद्यासारखा थर करतात. म्हणून यंत्र निवडताना पिशवी आणि फिल्टर जळगावात किंवा धुळ्यात मिळतात का, किती रुपयांना, हे आधी विचारा आणि मगच मशीनची किंमत विचारा. ‘ऑनलाइन मागवा’ असं उत्तर आलं तर त्याच दिवशी, मशीनसोबतच, दहा पिशव्या आणि एक जादा फिल्टर मागवून टाका. मॉडेल बंद झालं की पहिल्यांदा गायब होतात त्या पिशव्याच.

पिशवीचं घ्यावं की बिनपिशवीचं? बिनपिशवीच्या मशीनमध्ये हवा गरगर फिरवून धूळ बाजूला टाकतात, त्याला सायक्लोन म्हणतात. जाड माती, धान्याचा कोंडा, केस याला ते छान, आणि पिशव्यांचा खर्च वाचतो. पण दोन अडचणी आहेत. रुईचे तंतू सायक्लोनच्या मधल्या जाळीला गुंडाळून बसतात आणि मग गरगर फिरणंच बंद पडतं. आणि डबा रिकामा करताना धुळीचा लोट उठतो. दमा असलेल्या घरात तो लोट नको. म्हणून तुमच्यासाठी माझं स्पष्ट मत पिशवीच्या मशीनला आहे, आणि पिशवी कापडी नको. न विणलेल्या, दोन-तीन थरांच्या कृत्रिम तंतूच्या, भरल्या की तोंड बंद करून तशाच फेकता येणाऱ्या पिशव्या घ्या. त्यांचा खर्च औषधाच्या खर्चात धरा.

मागचा फिल्टर ‘हेपा’, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा हवा, आणि नुसतं ‘हेपा टाइप’ लिहिलेलं चालणार नाही. एच-१३ असा दर्जा छापलेला बघा. तो पकडायला सर्वात अवघड अशा, मायक्रॉनच्या एक ते तीन दशांश आकाराच्या कणांपैकीही ९९.९५ टक्के अडवतो. पण फिल्टर कितीही चांगला असला तरी झाकणाच्या फटीतून हवा सुटत असेल तर काही उपयोग नाही. दुकानात मशीन चालू करून झाकणाच्या कडेने ओला हात फिरवा. फिल्टरच्या जाळीशिवाय कुठेही हवेची झुळूक लागली तर ते मशीन ठेवून द्या.

ओलं-कोरडं, म्हणजे ड्रमसारखं, पाणीही ओढणारं मशीन दुकानदार हमखास पुढे करतो. घरात पाणी साचत असेल, टाकी धुवायची असेल, गाडी धुवायची असेल तर ते कामाचं आहे आणि दणकट असतं. पण जागा खातं, आवाज मोठा, आणि पाण्यासाठी वापरताना कागदी पिशवी व कोरडा फिल्टर काढून स्पंजाचा बसवावा लागतो. घाईत हे राहतं आणि महागडा फिल्टर भिजतो. तुम्ही पाण्याच्या कामाचं काही लिहिलेलं नाही, तेव्हा नको.

तर दहा हजारांच्या आत तुम्ही बघावं ते असं : जमिनीवर चाकांवर फिरणारं कॅनिस्टर, १००० ते १४०० वॅट, फेकायच्या पिशवीचं, मागे एच-१३ फिल्टर, ओढ कमी-जास्त करायची सोय, वायर पाच मीटरच्या वर, वजन पाच-सहा किलोंच्या आत. सोबत चार तोंडं हवीतच : फरशीसाठी केसाळ ब्रशचं रुंद तोंड, फटींसाठी चपटं, गाद्या-सोफ्यासाठी लहान, आणि पंखे-पुस्तकांसाठी गोल ब्रशचं. शहाबादीवर फिरत्या कडक ब्रशची गरज नाही. तो सतरंजीचे धागे उपसतो आणि रुई त्याच्या दांड्याला गुंडाळते.

दुकानात परीक्षा घ्यायची तर कागदाचे कपटे ओढून दाखवतात त्याला भुलू नका. घरून चमचाभर फुफाटा आणि थोडी रुई पुडीत न्या. फुफाटा दोन फरशांच्या सांध्यात टाका, रुई कापडावर चोळून बसवा, मग ओढायला सांगा. फिल्टर स्वतःच्या हाताने काढून बसवून बघा. जे दुकानात दोन मिनिटांत उघडता येत नाही ते घरी कुणी महिनोन्महिने उघडत नाही. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारून घ्या, आणि मोटारीची वॉरंटी व पूर्ण मशीनची वॉरंटी वेगवेगळी असते हे लक्षात ठेवून दोन्ही वाचा. पुढे कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

त्या २७,००० च्या मशीनबद्दल. गादीतून घाण काढून दाखवणं हे प्रात्यक्षिक कोणतंही चालू मशीन करू शकतं. कापसाच्या गादीतून तर धूळ कधी संपणारच नाही, कारण जुन्या कापसाचे तंतू तुटून आतल्या आत भुकटी होत असते. ‘ही बघा तुमच्या गादीतली माती’ म्हणून दाखवलं त्यात कापूसही बराच होता. खरी तुलना करायची असेल तर आधी तुमच्या नव्या फिल्टरच्या मशीनने गादीचा अर्धा भाग पाच मिनिटं ओढा, मग त्याच अर्ध्यावर त्याचं मशीन चालवू द्या. मग उरलेल्या अर्ध्यावर क्रम उलटा करा. दोन्हीकडे दुसऱ्या मशीनला थोडी धूळ सापडेलच. फरक किती आहे ते बघून ठरवा. ते मशीन पाण्यातून हवा गाळणारं असेल तर दर वापरानंतर घाण पाणी ओतून टाकी धुऊन वाळवावी लागते, एक दिवस राहिलं तरी वास मारतं, आणि बारीक कोरडे कण बुडबुड्यांतून निसटतातच. हप्त्यावर देतो म्हणाले तरी घाई नको.

मुलाचा रोबोट रोजच्या फरशीसाठी वाईट नाही, पण तुमची मुख्य अडचण गाद्या, सोफा आणि खिडक्या. तिथे तो चढणार नाही. बहुतेक रोबोट दोन सेंटिमीटरच्या आसपास उंचीचा उंबरठा चढतात. आपल्याकडचे उंबरठे त्याहून उंच. सतरंजीच्या गोंड्यात तो अडकतो. आणि काळ्या कडाप्प्याच्या पट्टीला तो खड्डा समजून मागे फिरतो, कारण खालचे सेन्सर परत येणाऱ्या प्रकाशावर चालतात आणि काळा दगड प्रकाश शोषून घेतो. त्याचा धुळीचा डबाही वाटीएवढा. फुफाट्याच्या दिवसांत एका खोलीत भरेल.

बिनवायरच्या उभ्या मशीनचंही आकर्षण असतं. जाहिरातीतला चाळीस मिनिटांचा वेळ सर्वात मंद वेगावरचा असतो, पूर्ण ओढीवर तेच आठ-दहा मिनिटांत संपतं. आणि जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात, पारा ४४-४५ वर असताना लिथियम बॅटरी दुपारी चार्जिंगला लावली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. घेतलंच तर मे महिन्यात पहाटे किंवा रात्री चार्ज करा, भिंतीवरचं स्टँड पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर लावू नका, आणि बॅटरी वेगळी विकत मिळते का ते विचारूनच घ्या.

विजेचं थोडं. १४०० वॅटचं मशीन सहा अँपिअरहून किंचित जास्त ओढतं. लहान सॉकेटला, त्यातही स्वस्त एक्स्टेंशनला लावलं की पिना तापतात, प्लास्टिक वितळतं. गिझर-एसीसाठी असतं ते १६ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं सॉकेट वापरा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नका. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ओढ जाणवण्याइतकी घटते, तेव्हा मशीन बिघडलं असं समजू नका, सकाळी पुन्हा करून बघा. वायर पिवळी खूण दिसेपर्यंत पूर्ण बाहेर काढा, लाल खुणेपुढे नाही. अर्धी वायर आत गुंडाळलेली ठेवून चालवली तर ती आतल्या आत तापते.

टिकवण्याची गोष्ट मुख्यतः हवेची वाट मोकळी ठेवण्याची आहे, आणि ती वाट बुजवणाऱ्या चार-पाच गोष्टी आपल्या घरांत रोजच्या आहेत. सांडलेलं तिखट ओढू नका. नंदुरबारची मिरची पिशवीतून बारीक होऊन मागून बाहेर पडली की घरभर ठसका, आणि दम्याच्या माणसाचं तर विचारूच नका. रांगोळी, कळण्याचं किंवा ज्वारीचं पीठ, चुलीची किंवा उदबत्तीची राख, हे सगळं झाडूनच उचला. राखेत ठिणगी जिवंत असली तर पिशवी आतून पेटते. रॉकेल किंवा पेट्रोल सांडलेल्या जागेजवळ मशीन नेऊ नका, मोटारीच्या कार्बनपाशी ठिणगी उडतच असते. काचेचे तुकडे पिशवी फाडतात. ओली फरशी पूर्ण वाळल्याशिवाय कोरडं मशीन फिरवू नका. आधी ओढा, मग पुसा. फुफाट्यावर थेट ओलं फडकं फिरवलं की त्याचा चिखल शहाबादीच्या छिद्रांत जातो आणि वाळल्यावर पुन्हा धूळ होऊन उडतो.

पिशवी दोन तृतीयांश भरली की बदला, पूर्ण भरायची वाट बघू नका. बारीक धुळीने पिशवी अर्धी रिकामी दिसतानाही तुंबलेली असते, तेव्हा डोळ्यांपेक्षा आवाजावर भरवसा ठेवा. आवाज चढला की बदला. तुमच्याकडे दिवाळी ते फाल्गुन महिन्याला एक, मार्च ते जूनमध्ये कदाचित दोन लागतील. मोटारीआधीचा फिल्टर चार वापरांनंतर काढून घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून हलकेच आपटा. हे काम सासूबाईंनी करायचं नाही, आणि गच्चीवर बिबडे-कुरडया वाळत असतील त्या दिवशी गच्चीवर करायचं नाही. स्पंजाचा फिल्टर महिन्यातून एकदा गार पाण्यात, साबणाशिवाय, दाबून दाबून धुवा. पिळू नका. सावलीत पूर्ण चोवीस तास वाळवा, श्रावणात दोन दिवस. हाताला कोरडा लागला तरी आतून ओला असू शकतो, गालाला लावून बघा, गार लागला तर ओला. म्हणूनच जादा फिल्टर हवा : एक मशीनमध्ये, एक वाळत. हेपा फिल्टर मात्र त्यावर धुण्याची खूण असेल तरच धुवा. नसेल तर धुतल्यावर त्याचे तंतू सुटतात आणि तो नुसता कागद उरतो. वर्षातून एकदा बदलणं बरं.

काम झालं की नळीचं तोंड वर करून अर्धा मिनिट मशीन मोकळं चालू द्या, म्हणजे नळीत अडकलेली धूळ पिशवीत जाते. ब्रशला गुंडाळलेले केस आणि रुई कात्रीने कापून काढा. नळी खिळ्यावर एकाच जागी वाकवून टांगू नका, तिथेच चीर पडते. रुंद वेटोळं घालून ठेवा. सलग वीस मिनिटांनी पाच मिनिटं थांबवा, उन्हाळ्यात दुपारी तर वापरूच नका. खोलीच ४० अंशांवर असताना मोटारीला गार करायला गार हवा आणणार कुठून?

सासूबाईंच्या खोलीचं वेगळं सांगतो. मशीन चालू असताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास त्यांनी त्या खोलीत थांबू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. फिल्टर कितीही चांगला असला तरी ब्रश फिरताना धूळ उडतेच. वरून खाली या क्रमाने करा : पंख्याची पाती, खिडकीचे चॅनेल, पडदे, मग गादी, शेवटी फरशी. गादीवर तोंड हळू चालवा, हातभर अंतराला सात-आठ सेकंद, उभं-आडवं दोन्ही, आणि कडेची शिवण चपट्या तोंडाने. ओढ इतकी जास्त वाटली की खोळच तोंडात शिरते आहे, तर मुठीवरची हवेची खिडकी थोडी उघडा. दमा वाढवणारे धुळीचे किडे ओलाव्यावर जगतात. त्यांची विष्ठा मशीन ओढतं, पण तंतूंना धरून बसलेले जिवंत किडे सगळे निघत नाहीत. त्यांच्यावर उपाय ऊन आणि कडक पाणी. आपल्याकडे उन्हाची ददात नाही. गादी महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंनी कडक उन्हात टाका, वाळल्यावर ओढून घ्या, आणि चादरी-उशांचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. गादीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घाला. पाच-सहा वर्षं झालेली कापसाची गादी एकदा पिंजून घ्या, पण पिंजण्याचं काम घरच्या अंगणात नको. आणि मशीन आणलं म्हणून त्यांचं इनहेलर कमी करायचं नाही, ते डॉक्टरांना विचारूनच.

होळीनंतर कूलर खाली काढाल तेव्हा त्याच्या गवताच्या किंवा हनीकोंबच्या जाळीवर कोरड्या असतानाच गोल ब्रशचं तोंड फिरवा. वर्षभराचा फुफाटा त्यात बसलेला असतो. पाणी टाकल्यावर त्याचा गाळ होतो आणि पहिल्याच दिवशी ओल्या मातीच्या वासासह खोलीत शिरतो. हे काम नव्या मशीनने नको. तुमचं जुनं, नव्या पिशवीवर चालू झालेलं मशीन त्यासाठी ठेवा, आणि गच्ची, ओटा, स्कूटरची डिकी, खिडक्यांच्या बाहेरच्या जाळ्या यांनाही तेच लावा. नवं फक्त खोल्यांत आणि गाद्यांवर.